यश बाबांचं, अपयश भक्ताचं
लेखमाला : श्रद्धेच्या आडून – भाग ५

गेल्या आठवड्यात भानामतीची भीती गावात कशी पसरते, ते आपण पाहिलं. आज त्या भीतीवर गादी मांडून बसणाऱ्या बाबांकडे वळू.

सप्टेंबर २०१३ च्या सुरुवातीला नांदेडमध्ये दोघांना अटक झाली. कॅन्सर, एड्ससारखे आजार बरे करून देतो, अशी त्यांनी जाहिरात केली होती. त्याआधी, २० ऑगस्टला पुण्यात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. आठवडा उलटायच्या आत सरकारनं वर्षानुवर्षं रखडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम काढला आणि त्याखालचा राज्यातला पहिला गुन्हा नोंदला गेला तो आपल्या नांदेडात.

गिऱ्हाईक गाठायला तिथं चमत्कार लागला नव्हता, जाहिरात पुरली. दवाखान्यांचे उंबरे झिजवून थकलेला माणूस ती वाचणार, हे जाहिरात देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. बाबाचा धंदा उभा राहतो तो समोरच्याच्या अडचणीवर, आणि आपल्या मराठवाड्यात अडचणींना कधी तोटा नव्हता. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सोयाबीनचा भाव, दोनदा ‘नीट’ देऊनही घरी बसलेलं पोरगं, मुलीचं न जमणारं लग्न हे तर रोजचंच. म्हणून बाबांच्या दरबाराच्या रांगेत अडाणी माणसंच असतात, हा समज पहिल्यांदा सोडून द्या. तिथं मास्तर असतात, इंजिनिअर असतात, क्लासवालेही असतात.

दरबार कसा चालतो, ते जवळून पाहू. सकाळी नाव नोंदवून नंबर घ्यायचा, नारळ-लिंबू बाहेरच्या दुकानातून आणायचं आणि मांडवात बसायचं. नंबर यायला तीन-तीन तास लागतात. शेजारी बसलेली सेवेकरी बाई मायेनं विचारते, “कुठून आलाव माय? लेकराचं काही हाय का?” कुणीतरी विचारलं, एवढ्यानंच समोरचीचं मन मोकळं होतं. धाकट्याचं लग्न मोडलं, जावेशी बोलणं नाही, सासऱ्यानं बांधावरचं झाड तोडलं, सगळं ती सांगून टाकते. दुपारी गादीपुढं जाताच बाबा डोळे मिटून म्हणतात, “धाकट्याचं जमंना ना, माय? घरात बाहेरचं हाय. झाड कुणी तोडलं?” बाईचे हात आपोआप जोडले जातात. सेवेकऱ्यानं निरोप पोचवला नसेल, तरी बिघडत नाही. भावकीतला वाद, अडकलेला पैसा, गुडघेदुखी यांतलं एखादं प्रत्येक घरात सापडतंच. जे लागू पडलं ते बाई गावभर सांगते आणि जे चुकलं ते घरी पोचेपर्यंत विसरते.

पहिल्या दिवशी बाबा काहीच मागत नाहीत. अंगारा लावा, पाच वाऱ्या करा, पेटीत इच्छेनुसार टाका. नाही म्हणावं असं त्यात काय आहे? जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांनी आधी एक लहानशी विनंती मान्य केली होती, ते लोक पुढे अंगणात भलामोठा, ओबडधोबड फलक लावू द्यायला इतरांपेक्षा कितीतरी सहज तयार झाले. दरबारात हेच घडतं. वाऱ्यांनंतर सेवा, सेवेनंतर अनुग्रह, मग घरच्यांना आणणं, मग बांधकामाला देणगी आणि शेवटी जमिनीचा तुकडा. कुठलीच पायरी आधीच्या पायरीहून फार उंच नसते. खाली वळून पाहिलं, की मगच आपण किती वर आलो ते कळतं.

या साऱ्यात बाबाचा हिशेब एका बाजूनं कायम पक्का असतो. पोराला नोकरी लागली तर कृपा बाबांची. नाही लागली तर तुमची वारी चुकली, तुम्ही मनात शंका घेतली, घरात कुणीतरी मटण खाल्लं. यश बाबांच्या नावे आणि अपयश भक्ताच्या नावे मांडायचं ठरलं, की बाबा खोटे ठरण्याची सोयच उरत नाही. उलट प्रत्येक अपयशानंतर भक्त जास्त अपराधी होतो आणि जास्त सेवा करतो. माझ्या मते इथंच खरा ताबा बसतो. भक्ताचा बाबांवरचा विश्वास वाढतो त्याहून वेगानं स्वतःवरचा ओसरतो. आपल्याला पाहून, विचार करून काही ठरवता येतं, ही खात्रीच जाते.

भाकीत साफ खोटं ठरलं तरी लोक का निघून जात नाहीत? शिकागोजवळच्या एका गटाचा विश्वास होता, की २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांचे सहकारी अभ्यासासाठी त्या गटात मिसळले. पूर आला नाही. तेव्हा गटाला ‘संदेश’ मिळाला, की आपल्याच श्रद्धेमुळे जग वाचलं. ज्यांनी नोकरी-घरदार पणाला लावलं होतं, त्यांतले बरेचजण त्यानंतर जोमानं प्रचाराला लागले. जितकं जास्त गमावलेलं असतं, तितकं ‘फसलो’ म्हणणं महाग पडतं.

त्यात माणसं तुटण्याची भीती असते. दरबारात गुरुबंधू, गुरुभगिनी मिळतात, अडीअडचणीला धावून येतात. गावातल्या एखाद्या सुनेला कुणाच्या परवानगीशिवाय जाता येईल अशी ती एकमेव जागा असते. हळूहळू सांगितलं जातं, की घरचे तुझ्या साधनेच्या आड येतात. जुने मित्र सुटतात, माहेर दुरावतं. मग दरबार सोडणं म्हणजे सगळा गोतावळाच सोडणं होतं.

हे टोकाला गेलं की काय होतं, ते आसाराम प्रकरणात देशानं पाहिलं. मार्च २०१३ मध्ये मराठवाडा दुष्काळात होरपळत असताना नागपूर आणि नवी मुंबईत त्याच्या होळीत पाण्याची उधळण चालली होती. त्याच वर्षी ऑगस्टअखेर त्याला अटक झाली आणि २५ एप्रिल २०१८ ला जोधपूरच्या न्यायालयानं अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल जन्मठेप सुनावली. मुलीचे पालक त्याचे जुने साधक होते. मुलीला बाधा झाली आहे, असं त्यांना सांगण्यात आलं आणि त्याच विश्वासानं ते तिला आश्रमात घेऊन गेले. शिक्षेनंतरही ‘हे षड्‌यंत्र आहे’ म्हणणारे भक्त उरलेच.

डिसेंबर २०१३ मध्ये वटहुकुमाचा कायदा झाला. अतींद्रिय शक्ती असल्याचं भासवून धमकावणं, चमत्कार दाखवून पैसे उकळणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, मागच्या जन्मीचं नातं सांगून लैंगिक शोषण हे सगळं त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार, आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा यांना तो हात लावत नाही. त्यामुळे माहूरची वाट, माळेगावची यात्रा किंवा सिद्धेश्वराचं दर्शन धोक्यात आल्याची ओरड निराधार आहे. अडचण वेगळीच आहे. जो सर्वांत वरच्या पायरीवर पोचला आहे, तो तक्रार करत नाही. तक्रार करायची तर आधी स्वतःची दहा वर्षं वाया गेल्याचं कबूल करावं लागतं.

म्हणून घरच्यांनी त्याला ‘मूर्ख’ म्हणू नये. तसं म्हटलं की ‘घरचे आड येतात’ हे दरबारातलं भाकीत खरं ठरतं आणि तो आणखी आत ओढला जातो. बोलणं चालू ठेवावं, वाद बाबावर न घालता साध्या गोष्टी विचाराव्यात. या वर्षी किती पैसे गेले? डॉक्टरची गोळी कुणी बंद केली? सातबाऱ्यावर सही कुणी मागितली? औषध बंद झालं असेल, मारहाण झाली असेल किंवा मुली-बायकांचा प्रश्न असेल, तर मात्र थांबू नये, थेट पोलीस ठाणं गाठावं. या कायद्यासाठी नेमलेला दक्षता अधिकारी किमान पोलीस निरीक्षक दर्जाचा असतो.

गुरू पारखून घ्यावा, ही काही आजच्या बुद्धिवाद्यांची काढलेली टूम नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षणांवर अख्खा समास खर्ची घातला आणि करामती दाखवणाऱ्यांना खऱ्या सद्गुरूच्या पंगतीतून बाजूला काढलं. गाडगेबाबांनी तर कुणाला शिष्यच केलं नाही. त्या परंपरेतल्या माणसाला एक कसोटी सहज लावता येईल. आपल्या गुरूंना एखाद्या गोष्टीत ‘नाही’ म्हणून पाहा. त्यानंतरही तीच माया आणि तोच मान मिळाला, तर खुशाल जात राहा. शाप, संकट किंवा बहिष्कार यांची भाषा सुरू झाली, तर पुढची वारी करू नका.

(पुढील आठवड्यात : दरबार सोडून आलेल्या माणसाला घर पुन्हा कसं सामावून घेतं?)