आत्महत्येनंतर मागे राहिलेल्यांचा शोक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुर्मरण पावलेल्या आप्तांसाठी नारायणबळी करण्यास महाराष्ट्रभरातून कुटुंबे नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी येतात. या विधीने मृताच्या गतीची चिंता वाहिली जाते. मागे राहिलेल्यांच्या शोकाची चिंता मात्र, कुटुंब घरी परतल्यावर, सहसा कोणी वाहत नाही. एडविन श्नाइडमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अशा आधाराला ‘पोस्टव्हेन्शन’, म्हणजे आत्महत्येनंतर जवळच्यांना दिलेले साहाय्य, ही संज्ञा दिली. आणि हे साहाय्य प्रतिबंधाचाच भाग ठरते, कारण अशा मृत्यूने शोकग्रस्त झालेल्यांमध्ये स्वतःच्या आत्महत्येचा धोकाही वाढलेला आढळतो.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज असा, की घरच्यांनी नीट लक्ष दिले असते तर हे घडलेच नसते. सांत्वनाला येणारेही, बहुधा नकळत, ‘तुम्हाला काहीच कसे जाणवले नाही?’ असे विचारून तो अधिक घट्ट करतात. वस्तुतः आत्महत्येमागे मानसिक आजार, कर्ज, व्यसन, नात्यांतील ताण अशी अनेक कारणे गुंतलेली असतात, आणि आज ठळक भासणाऱ्या खुणा त्या वेळी रोजच्या जगण्यात मिसळून गेलेल्या असतात.

पडद्यावरून दिलेला आधार खरा नसतो, हाही समज तपासून पाहावा लागतो. ऑनलाइन आधारगटात प्रशिक्षित समन्वयकाच्या उपस्थितीत समदुःखी माणसे ठरावीक वेळी भेटतात, बोललेले गटाबाहेर जाऊ न देण्याचे बंधन पाळतात आणि मृत्यू कसा घडला याचा तपशील टाळतात. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील लहान गावात, जिथे ऐकणारा प्रत्येक जण भाऊबंद किंवा सोयरा असतो, तिथे हे अंतरच मोकळीक देते. अर्थात कोणीही कोणालाही सामील करून घ्यावे आणि सुविचार पुढे ढकलावेत, अशा व्हॉट्सअॅप गटाला आधारगट म्हणता येणार नाही. तीव्र नैराश्यात किंवा स्वतःच्या मरणाचे विचार येत असताना मानसोपचारतज्ज्ञच हवा. गट त्याची जागा घेत नाही.

पंचनामा आणि शवविच्छेदन म्हणजे कुटुंबावरील आरोप, असेही मानले जाते. ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 नुसार अनैसर्गिक मृत्यूची नेहमीची चौकशी असते. प्रवृत्त केल्याचा गुन्हा सिद्ध होण्यास स्वतंत्र पुरावा लागतो. आयुर्विम्याचा दावाही, पॉलिसीला 12 महिने उलटले असल्यास, केवळ आत्महत्येच्या कारणावरून सहसा नाकारला जात नाही.

मदतवाहिनी केवळ मरणाचा विचार करणाऱ्यांसाठी असते, असे समजून अनेक शोकग्रस्त फोन करत नाहीत. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य, चोवीस तास आणि मराठीतूनही मिळते, आणि ती शोकग्रस्तांसाठीही खुली आहे.