दोस्ताच्या लग्नात मेकॅनिकल घड्याळ द्यायचंय? दुकानात जाण्याआधी हे वाचा

अष्टमी म्हणजे कुंडलिका नदीकाठचं, रोह्याला खेटून असलेलं गाव. इतकं खेटून, की नगरपरिषदेचं नावच 'रोहा अष्टमी' आहे. समजा, इथल्या चार मित्रांनी ठरवलं की पाचव्याच्या लग्नात या वेळी डिनरसेट नाही, पाकीट नाही, एक झकास मेकॅनिकल घड्याळ द्यायचं. वर्गणी जमली ८० हजार रुपये, आणि तिथूनच वादाला सुरुवात झाली. एकाला नवं स्विस घड्याळ हवंय. दुसऱ्याला जुनं फेवर ल्युबा, कारण नवरदेवाच्या आजोबांच्या हातात तेच असायचं. तिसरा एचएमटीवर अडून बसलाय. चौथा विचारतोय, "अरे, तो वेळ मोबाइलमध्ये बघतो, त्याला घड्याळ कशाला?"

आधी चौथ्याचं ऐकू, कारण त्याचं म्हणणं खोटं नाही. मेकॅनिकल घड्याळात सेल नसतो. गुंडाळलेली स्प्रिंग हळूहळू उलगडते, तिची ताकद दातेरी चक्रांमधून बॅलन्स व्हीलपर्यंत पोहोचते आणि ते चाक पुढेमागे हेलकावे घेत वेळ मोजतं. एचएमटीच्या जुन्या चावीच्या घड्याळात सेकंदाला ५ ठोके पडतात, आजच्या बऱ्याच स्विस घड्याळांत ८. सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक मात्र सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यामुळे हजार रुपयांचं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकतं. आणि लाखभराच्या मेकॅनिकल घड्याळाला स्वित्झर्लंडच्या 'सीओएससी' या संस्थेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळतं तेही दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे या मर्यादेत. महिन्याला नाही, दिवसाला!

म्हणजे पैसे अचूकतेचे नसतातच. पैसे असतात ते यंत्र पुन्हा पुन्हा उघडून, साफ करून, तेल देऊन पुढची ४०-५० वर्षं चालवता येतं याचे. मग वाद 'कोणती कंपनी भारी' असा घालण्यापेक्षा 'सहा वर्षांनी हे घड्याळ कोण उघडणार' असा घातलेला बरा. साधारण पाच ते सात वर्षांनी अशा घड्याळाचं सर्व्हिसिंग करावं लागतं. त्याला काही हजार लागतात, बड्या कंपन्यांत त्याहून बरेच जास्त. भेट देणारे चौघं असले तरी हा खर्च एकट्या नवरदेवाच्या डोक्यावर येतो, हे वर्गणी काढताना कोणाच्या लक्षात येत नाही.

आता फेवर ल्युबा. ही १७३७ पासूनची स्विस कंपनी १८६५ पासून भारतात घड्याळं विकत होती. तिची 'सी किंग', 'सी चीफ' ही नावं आजोबांच्या पिढीला तोंडपाठ. मधली काही वर्षं ती टायटनकडे होती, आता इथॉस समूहाने तिची नवी घड्याळं बाजारात आणली आहेत. पण वीस-पंचवीस हजारांच्या आत 'जुनं पण नव्यासारखं' म्हणून जे मिळतं, ते जरा जपून घ्यावं. जगभरच्या घड्याळशौकिनांत अशा मालाला एक खास नाव आहे: 'मुंबई स्पेशल'. आपल्या मुंबईचं नाव, पण कौतुकाने घेतलेलं नाही. जुन्या घड्याळाची तबकडी खरवडून ती नव्याने रंगवायची, काटे दुसऱ्याचे, चावी तिसऱ्याची, यंत्र हाताला येईल ते, आणि केसला घासून चकचकीत पॉलिश. एचएमटीच्या नावावरही हेच चालतं.

ओळखायचं कसं? साठ वर्षांच्या घड्याळाची तबकडी भडक केशरी किंवा पोपटी असेल, तर शंका घ्या. तबकडीवरची अक्षरं भिंगातून पाहा. कारखान्यातली छपाई बारीक आणि काटेकोर असते, हाताने केलेल्या छपाईत अक्षरं जाड, थोडी फाकलेली दिसतात. मिनिटांच्या रेघा काट्यांच्या टोकाशी जुळत नाहीत. केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झालेल्या असतात. आणि विक्रेता मागचं झाकण उघडून यंत्र दाखवायला तयार नसेल, तर तिथून सरळ निघा. अशी घड्याळं चालत नाहीत असं नाही, चालतात. पण आजोबांची आठवण म्हणून द्यायची वस्तू कालपरवा रंगवलेली निघाली, तर त्या भेटीत उरलं काय? त्यापेक्षा नवरदेवाच्या घरी आजोबांचं घड्याळ कपाटात पडलेलं असेल, तर ते गुपचूप मिळवून नीट दुरुस्त करून देणं कितीतरी भारी. तेही स्वस्तात.

एचएमटीवाल्याचं म्हणणंही वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ मध्ये बेंगळुरूत ही घड्याळं बनायला लागली आणि 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कोहिनूर' घराघरांत पोहोचली. 'कांचन'ला तर लग्नात जावयाला द्यायला इतकी मागणी होती की तिला हुंड्याचं घड्याळच म्हणत. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करण्याचा निर्णय घेतला, तरी ती यंत्रं इतकी साधी आणि इतकी पसरलेली, की जुन्या कारागिराच्या डब्यात आजही सुटे भाग सापडतात. 'कोण उघडणार' या परीक्षेत एचएमटी मोठ्या घड्याळांना मागे टाकतं. अडचण एकच, ८० हजारांची वर्गणी काढलेल्यांना हे फारच कमी वाटतं.

राहिलं नवं स्विस. ८० हजारांत टिसोसारख्या कंपनीचं ऑटोमॅटिक बसतं. लाँजिनसाठी दीड-दोन लाख लागतात, ओमेगा आणि रोलेक्स त्याच्या कितीतरी वर. (१० लाखांपेक्षा महागडं घड्याळ घेतलं तर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का टीसीएस कापतो. चौघांनी याची काळजी करू नये.) ऑटोमॅटिक म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं. काढून ठेवलं की साधारण ४० तास चालतं आणि थांबतं. टिसोच्या 'पॉवरमॅटिक ८०' मध्ये ठोके सेकंदाला ८ वरून ६ करून आणि स्प्रिंग सुधारून हा वेळ ८० तासांपर्यंत नेलाय. पण त्यातल्या काही यंत्रांत एस्केपमेंटचे भाग प्लास्टिकचे आहेत आणि त्यांची गती कारखान्यातच लावलेली असते. कोपऱ्यावरच्या कारागिराला त्यात फारसं काही करता येत नाही, घड्याळ कंपनीकडेच पाठवावं लागतं. अष्टमीहून मुंबई शंभर-सव्वाशे किलोमीटर. वाईट नाही, पण माहीत असावं.

मग नवरदेवाच्या हाताकडे पाहू. तो धाटावच्या एमआयडीसीत शिफ्टला जात असेल तर मोठ्या मोटारींजवळच्या चुंबकत्वाचा प्रश्न येतो. बारीक स्प्रिंग चुंबकीय झाली की घड्याळ दिवसाला काही मिनिटंही पुढे पळू लागतं. घाबरायचं काम नाही, कारागिराकडचं यंत्र ते मिनिटभरात उतरवतं. दुसरा शत्रू आपला पाऊस. तबकडीवर '३० मीटर' लिहिलंय म्हणून ते घालून नदीत उतरायचं नसतं. त्याचा अर्थ फक्त शिंतोडे चालतील. कोकणात १०० मीटरवालंच घ्यावं आणि त्याची चावी स्क्रूने बंद होणारी असली तर उत्तम. चामडी पट्ट्याला जुलैत बुरशी येते, म्हणून स्टीलचा पट्टा बरा.

८० हजार सगळे संपवलेच पाहिजेत असंही नाही. सेइको ५ तीस हजारांच्या आसपास सुरू होतं, त्याची यंत्रं कारागिरांच्या ओळखीची आहेत, आणि उरलेले पैसे पाकिटात घालून पहिल्या दोन सर्व्हिसिंगसाठी देता येतात.

घेताना अधिकृत दुकानातूनच घ्या. वॉरंटी कार्डावर तारीख, शिक्का आणि घड्याळाचा नंबर असल्याची खात्री करा, तो नंबर केसच्या मागच्या नंबराशी तिथेच ताडून पाहा. बिल नवरदेवाच्या नावावर करा. मनगटाचं माप काही करून आधी मिळवा. सोळा-सतरा सेंटिमीटरच्या मनगटावर ३८ ते ४० मिलिमीटरचं घड्याळ शोभतं, ४४ चं ताटलीसारखं दिसतं. आणि देताना एक गोष्ट त्याला तिथेच सांगून ठेवा: रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान काटे असताना तारीख बदलायची नाही. त्या वेळात तारखेचे दाते एकमेकांत अडकलेले असतात आणि बरीचशी नवी घड्याळं याच चुकीने पहिल्यांदा दुरुस्तीला जातात.