विदूषक माशाचा जोडीदार

काचेच्या टाकीत एकटा फिरणारा नारिंगी विदूषक मासा पाहून त्याला जोडीदार आणावासा वाटतो. आणा की! मात्र नर-मादी शोधत बसू नका. या जातीची पिल्ले सारी नर म्हणूनच वाढतात. जोडीतला थोरला पुढे मादी होतो, आणि ती पुन्हा नर होत नाही. म्हणून दुसरा मासा त्याच जातीचा, पण चणीने लहान घ्यावा. बरोबरीचे दोघे भांडतात. एखादा जिवानिशी जातो.

वडखळला खाडी जवळ, म्हणून धरमतरचे पाणी ओताल, तर तेही नको. पावसाळ्यात त्याचा खारेपणा पार उतरतो.

पहिले काही दिवस मध्ये जाळी असू द्या. धाकटा अंग थरथरवू लागला, म्हणजे त्याने थोरलीचा मान राखला. पंख फाटू लागले, तर मात्र त्याच दिवशी वेगळे करा.