टेकडीवरच्या शहराचें पाणी

पाणी उताराकडे जातें हें शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. मग टेकडीच्या माथ्यावर वसलेल्या शहराच्या चौकांत वाहतें पाणी आलें तें कसें? इटलींतील पेरुजा शहरानें तेराव्या शतकांत हा प्रश्न सोडविला. ती हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

शहराच्या उत्तरेस मोन्ते पाच्यानो नांवाचा डोंगर आहे. तेथील झरे शहराहून उंच; पण मध्यें सखल प्रदेश. उघडा पाट काढावा तर पाणी खालींच राहणार. 1254 सालीं काम आरंभिलें, परंतु तें सिद्धीस गेलें नाहीं. पुढें फ्रा बेविन्याते हा धर्मबंधु व व्हेनिसचा बोनिनसेन्या हा जलविद्येचा जाणता यांनीं तें तडीस नेलें.

त्यांनीं बंद नळांचा आश्रय केला. बंद नळांत तळाशीं आलेल्या पाण्यावर मागील उंच पाण्याचा दाब असतो व त्या दाबानें तें पलीकडचा चढ चढतें. मात्र तें उगमाहून उंच जात नाहीं. घर्षणानें थोडी उंची खर्ची पडते. दाब सर्वांत अधिक तळाशीं असतो, म्हणून तेथील सांधे विशेष मजबूत हवेत. शेतांत नळ टाकणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

पाणी आलें त्याचें स्मारक म्हणून 1278 सालीं चौकांत संगमरवरी कारंजें उभें राहिलें. निकोला व जोव्हान्नी पिसानो या पितापुत्रांनीं तें घडविलें. खालच्या कुंडास 25 बाजू आहेत. त्यांवर बारा महिन्यांचीं कामें कोरलीं आहेत: जूनमध्यें कापणी, जुलैंत मळणी, सप्टेंबरांत द्राक्षें, नोव्हेंबरांत नांगरट व पेरणी. वरच्या कुंडाभोंवतीं 24 मूर्ति आहेत. त्यांत क्यूसी प्रांताची देवता धान्य घेऊन व त्रासिमेनो सरोवराची देवता मासे घेऊन उभी आहे. नगराचें पोट कोण भरतो, हें नगरानें दगडांत कबूल केलें, असें आम्हांस वाटतें.

शिलालेखांत शिल्पकारांबरोबर बेविन्याते व बोनिनसेन्या यांचींही नांवें आहेत. कारंजें आजही उभें आहे. पण जमिनींत गाडलेल्या नळाची डागडुजी वारंवार करावी लागली. स्मारक एकदां बांधून भागतें; पाणी मात्र प्रत्येक पिढीनें राखावें लागतें. आपल्या गांवच्या पाटाचा व विहिरीचा गाळ काढतांना याची आठवण असावी.