दक्षिणेवरचे नाटक, दक्षिणा कमिटीच्या दारात

घरात पाळणा हलणार म्हटले की आमच्या बोरी अरबच्या पट्ट्यात आधी आनंद होतो आणि मग हिशेब सुरू होतो. डोहाळजेवण, ओटी, बारसे, पत्रिका, शांती, पंगत. कापसाचा पैसा हाती आलेला नसला तरी पाहुणे येणारच. उधारी झाली तरी चालेल, पण चार लोकांत हसे नको! या आनंदामागच्या कर्जावर कुणी नाटक लिहिले आहे काय? लिहिले आहे, 1855 साली. लेखक जोतीराव फुले, नाटक 'तृतीय रत्न'.

कुणब्याची बायको गरोदर आहे. दारी जोशी येतो आणि ग्रहांची भीती घालतो. मग अनुष्ठान, ब्राह्मणभोजन, दक्षिणा! मूल येण्याआधी घरात कर्ज येते. विषय असा काळा, तरी वाचताना हसू आवरत नाही, कारण मधे मधे विदूषक येऊन जोशाचे पितळ उघडे पाडतो. संस्कृत नाटकातला विदूषक म्हणजे लाडवावर डोळा ठेवणारा ब्राह्मण. जोतीरावांनी त्याला पंगत वाढणाऱ्याच्या बाजूने उभे केले. शेवटी नवरा-बायको शिकायला निघतात.

जोतीरावांनी हे नाटक पाठवले कुठे, तर दक्षिणा प्राइझ कमिटीकडे! पेशवाईत ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा. तिच्यातलाच पैसा इंग्रजांनी पुढे ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला होता. म्हणजे दक्षिणेची खिल्ली उडवणारे नाटक दक्षिणेच्याच दारात गेले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनीच पुढे 'गुलामगिरी'त नोंदवले. ते छापून आले थेट 1979 साली, 'पुरोगामी सत्यशोधक'मध्ये. 124 वर्षे!

मधल्या काळात मराठी रंगभूमीने आपला इतिहास लिहून टाकला. 1843 साली सांगलीच्या राजवाड्यात विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' झाले. 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याच्याच आठवणीचा. पहिल्या स्वतंत्र गद्य नाटकाचा मान कीर्तन्यांच्या 1861 च्या 'थोरले माधवराव पेशवे'ला मिळाला. राजकन्येच्या लग्नाला राजाश्रय, पेशव्याला मान; कुणबिणीच्या बाळंतपणाला मात्र दप्तरातली धूळ!

म्हणून काय बहुजनांचे हसणे थांबले? सत्यशोधकांचे जलसे हे नाटक हाती नसताना गावोगाव उभे राहिले. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा वस्त्यांत नेला. तिकीट नव्हते, पडदा नव्हता. म्हणूनच की काय, नाट्यसमीक्षकांना तो फार काळ दिसला नाही.

यंदाच्या जयंतीची वर्गणी सुरू होईल तेव्हा मंडळाच्या पोरांना आमचे सांगणे आहे. 11 एप्रिलच्या रात्री दोन तास डीजे बंद ठेवा आणि हे नाटक करा. पात्रे मोजकी आहेत, नेपथ्याला एक खाट आणि दोन पाट पुरेत. बायकोचे काम मुलीनेच करावे आणि पहिल्या रांगेत घरच्या बायांना बसवावे. जोशी मिळायला थोडा त्रास पडेल. विदूषकाला मात्र गावात तोटा नाही.