काळ्या पट्ट्याआधीचे तीनशे दिवस

टोकियोच्या आयकिकाई मुख्यालयाने आयकिडो या जपानी युद्धकलेच्या परीक्षांसाठी सरावाचे दिवस ठरवून दिले आहेत. क्यू म्हणजे काळ्या पट्ट्याआधीच्या पायऱ्या, पाचवीपासून पहिलीपर्यंत उलट्या मोजायच्या. पाचव्या क्यूला किमान ३०, चौथ्याला त्यापुढचे ४०, मग ५०, ५०, ६०, आणि शोदानला, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला, आणखी ७०. बेरीज ३००. रोज जाणाऱ्याला वर्ष पुरेल. मी २०१९च्या उन्हाळ्यात सुरुवात केली आणि अजून पहिल्या क्यूवरच आहे. यात माझ्या आळसाचा वाटा थोडा, इरुंगाट्टुकोट्टैचा मोठा.

चेन्नईहून बंगळुरूकडे निघालं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे ही सिपकॉटची औद्योगिक वसाहत लागते. ह्युंदाईची सँट्रो १९९८ साली इथून बाहेर पडली आणि तिच्या आगेमागे सुटे भाग बनवणारे कारखाने आले. त्यातल्याच एकात मी चाकणहून बदलून आले, क्वालिटी विभागात. शिफ्ट बदलती. आयकिडोचा वर्ग शहरात, पूनमल्लीची कोंडी ओलांडून. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळचा वर्ग बुडालाच म्हणून समजायचं. राहिला रविवार.

पहिलं वर्ष पडण्यात गेलं. फेकतो तो नागे, फेकला जातो तो उके, आणि चार-चार वेळा करून दोघांनी जागा बदलायच्या; म्हणजे निम्मा वर्ग आपण मॅटवरच. पुढे लोळण घेताना हाताच्या कडेपासून खांद्यावर आणि पाठीवरून तिरकं पलीकडच्या कुल्ल्यावर यायचं असतं. ऐकायला सोपं. चाळिशीतलं शरीर मात्र आधी तळहात टेकतं आणि मान ताठ करतं. बरोबरीची कॉलेजची मुलं दोन-चार वर्गांत लोळायला लागली. ‘अक्का, मेदुवा, मेदुवा’ असं ती मला सांगत. सावकाश करूनच ते जमलं, आणि तेही ऑक्टोबरचा पाऊस सुरू झाल्यावर. त्या उन्हाळ्यात चेंबरंबाक्कमचा तलाव कोरडा पडला होता, पाणी टँकरचं; घामाने चिंब झालेला गी, म्हणजे सरावाचा पोशाख, धुवायचा की नुसता वाळवायचा, हाही प्रश्न असे.

पडण्याबद्दल मला पटलेलं एक उदाहरण वर्गात नाही, वसाहतीतच सापडलं. इथे १९९०पासून मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा रेस ट्रॅक आहे. मोटरसायकलवरून पडलेला जाणता स्वार गाडीला चिकटून राहत नाही. ती सोडून देतो, वेग संपेपर्यंत घसरत जातो आणि मगच उठतो. शिहोनागेत, म्हणजे मनगट वळवून फेकण्याच्या डावात, मला नेमकं हेच जमत नव्हतं. मनगट वळलं की मी ते वाचवायला ताठ व्हायची आणि दुखणं स्वतःच वाढवून घ्यायची.

मार्च २०२०मध्ये सगळं बंद झालं. गच्चीवर ‘जो’, म्हणजे चांगली छातीपर्यंतची काठी, घेऊन सराव केला. पायांच्या हालचाली सुधारल्या, हे खरं. पण धरणारा हातच नसेल तर इक्क्योचा डाव करायचा कोणावर? आयकिडो एकट्याने करता येतो असं सांगणाऱ्यांवर माझा तेव्हापासून विश्वास नाही. वर्ग पुन्हा भरल्यावर पहिल्यांदा कोणी मनगट धरलं, तेव्हा मी पुन्हा ताठ झाले होते.

त्यानंतरची प्रगती दाखवावी अशी नाही. आयकिडोचे जनक मोरिहेई उएशिबांना या कलेत स्पर्धा नको होत्या आणि आयकिकाईत आजही त्या होत नाहीत. केंजी तोमिकींनी ज्यूदोच्या वळणाने स्पर्धेची वेगळी शाखा काढली, ती निराळी. त्यामुळे पदक नाही, गुणफलक नाही. समोरचा जाणूनबुजून पडतो, ही मिलीभगत आहे, असं कारखान्यातले सहकारी म्हणतात. सुरुवातीला तसं असतंच. उके साथ देतो म्हणून तर शिकता येतं. गोची पुढे होते: तीन वर्षांनीही तो तितक्याच आज्ञाधारकपणे पडत असेल, तर त्या वर्गात काही तरी सडतंय. आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, तिसऱ्या क्यूनंतर जोडीदाराला सांगायला सुरुवात केली की तोल गेला तरच पड. इरिमिनागेच्या माझ्या निम्म्या फेकी त्या महिन्यात उघड्या पडल्या. माझ्या लेखी खरं शिक्षण तिथून सुरू झालं. आता समोरच्याने मनगट धरलं की त्याचा भार कोणत्या पायावर आहे, हे बरेचदा कळतं. रस्त्यावरच्या मारामारीत याचा किती उपयोग होईल? फारसा नाही, असं माझं मत.

गुडघ्यांनी मात्र किंमत वसूल केली. बसून करायचा सुवारी-वाझा आणि गुडघ्यांवर चालायचा शिक्को यांत माझा उजवा गुडघा सुजला आणि काही महिने मी फक्त उभ्याचंच केलं. डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग चक्रीवादळाने चेन्नई पाण्याखाली गेली, तेव्हाही वर्ग बुडाले. ३०० दिवसांचा हिशेब असा लांबत जातो. तरी आयकिकाईने दिवस मोजले हे मला योग्यच वाटतं. हजेरी लावून कोणी तरबेज होत नाही, पण हजेरीला दुसरा पर्यायही नाही.

चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगते. वर्ग निवडताना आधी नुसतं बसून बघा. पहिल्याच दिवशी नवख्याचं मनगट पिरगाळून दाखवणारा वर्ग असेल तर निघून या. महिना-दोन महिने फक्त पडायला शिकवणारा असेल तर तिथेच नाव घाला. आणि गुडघ्याचं दुखणं असेल तर ते सेन्सेईंना पहिल्या दिवशीच सांगा.