विमान-दुरुस्तीचा हुनर : कारागिरांच्या मुलांसाठी एक रस्ता

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या कारागीर घरांत एकच खल सुरू होतो. मुलाला दुकानात बसवावे, की गॅरेजात एखाद्या उस्तादाच्या हाताखाली लावावे? कॉलेजचा खर्च झेपत नाही, आणि झेपला तरी पुढे नोकरीची खात्री नाही. अशा घरांसाठी आम्ही या वेळी एका वेगळ्या धंद्याची माहिती देत आहोत. हा धंदा म्हणजे विमानांची देखभाल व दुरुस्ती.

हे काम पैसेवाल्यांच्या मुलांचे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. या धंद्यात शिरायला दोन दरवाजे आहेत. एक फी भरून उघडतो, दुसरा हाताच्या कसबावर.

काम ओळखीचे, शिस्त नवी

पत्रा कापणे, रिव्हेट मारणे, वेल्डिंग, वायरिंग, तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे खोलणे व जोडणे ही कामे आमच्या मुलांना परकी नाहीत. मालेगाव-भिवंडीत माग दुरुस्त करणारा किंवा कुर्ल्यात इंजिन उतरवणारा तरुण ती लवकर उचलतो. फरक आहे तो शिस्तीचा. गॅरेजातला उस्ताद आवाजावरून दोष सांगतो आणि डब्यातला जुळेल तो नट लावतो. विमानाला हे चालत नाही. प्रत्येक भागाचा नंबर पुस्तकात पाहावा लागतो, बोल्ट मोजून दिलेल्या ताकदीनेच आवळावा लागतो, काम संपल्यावर हत्यारे मोजून परत ठेवावी लागतात आणि केलेल्या कामाची लेखी नोंद करावी लागते.

ही शिस्त कशासाठी, ते एका घटनेवरून कळते. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची पुढची काच हवेत असताना निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी धरून ठेवल्यामुळे तो वाचला. चौकशीत असे दिसले की काच नुकतीच बदललेली होती आणि तिच्या 90 बोल्टांपैकी 84 बोल्ट व्यासाने पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरकाने बारीक होते. बसवणाऱ्याने जुना बोल्ट समोर धरून नजरेने जोड शोधली होती. माणूस अनुभवी होता, पण त्या दिवशी नजरेवर विसंबला.

पहिला दरवाजा : आयटीआय आणि उमेदवारी

दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असा एखादा ट्रेड करावा आणि मग 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली उमेदवारी मिळवावी. उमेदवाराला विद्यावेतन मिळते, शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय पातळीवर मान्य असलेले प्रमाणपत्र हाती येते. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांचा कारखाना आहे. मिग विमानांसाठी 1964 साली तो उभा राहिला आणि आयटीआय झालेल्या मुलांना तो उमेदवार म्हणून घेतो. मुंबईत विमानतळालगत आणि नागपूरच्या मिहानमध्येही दुरुस्तीची केंद्रे आहेत. त्यांच्या जाहिरातींवर व सरकारच्या उमेदवारी संकेतस्थळावर लक्ष ठेवावे.

एक गोष्ट मात्र पालकांनी आधीच समजून घ्यावी. उमेदवारी म्हणजे कायमची नोकरी नव्हे. ती पुरी केली म्हणून कारखान्याने ठेवून घेतलेच पाहिजे असे बंधन नाही. हातातले काम आणि प्रमाणपत्र मात्र मुलाचेच राहते.

दुसरा दरवाजा : लायसन्स

दुरुस्तीनंतर विमान उडण्यास योग्य आहे, अशी सही करण्याचा अधिकार लायसन्स असलेल्या इंजिनिअरलाच असतो. या धंद्यातली खरी पत आणि पगार या सहीला आहे. लायसन्स नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देते. त्यासाठी भौतिक, रसायन व गणित घेऊन बारावी किंवा अभियांत्रिकी पदविका हवी. मग विषयवार परीक्षा आणि चालत्या विमानांच्या देखभालीचा अनुभव. जेट विमानांच्या यांत्रिक विभागासाठी हा अनुभव मान्य संस्थेतून शिकलेल्यास दोन वर्षांचा लागतो, तसे शिक्षण नसलेल्यास पाच वर्षांपर्यंत. कारखान्यात नवे भाग बनवण्याचा अनुभव म्हणजे हा अनुभव नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

खासगी संस्थांची फी लाखांत जाते. दागिने गहाण ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. संस्थेचे नाव डीजीसीएच्या मान्य यादीत आज आहे का, आणि कोणत्या वर्गासाठी? प्रत्यक्ष विमानावरचे काम कोठे शिकवणार, हे लेखी देता का? मागच्या तुकडीतील किती मुलांना लायसन्स मिळाले? गोलमोल उत्तर मिळाले तर उठून यावे. लायसन्सनंतरही विशिष्ट जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. तो खर्चही हिशेबात धरावा.

दोहोंना जोडणारा पूल

ज्याच्याकडे फी नाही त्याची वाट बंद झाली असे नाही. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकमध्ये पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आयटीआय, मग उमेदवारी, मग पदविका आणि त्यानंतर लायसन्सच्या परीक्षा अशी ही शिडी आहे. वेळ जास्त लागतो, पण वाटेतल्या प्रत्येक पायरीवर मुलगा कमावू शकतो आणि कुठेही थांबला तरी रिकाम्या हाताने थांबत नाही.

आमच्या मुलांची अडचण हातात नाही, भाषेत आहे. या धंद्यातील सारी पुस्तके इंग्रजीत असतात आणि नोंदीही इंग्रजीतच लिहायच्या असतात. उर्दू व मराठी माध्यमाच्या मुलांनी घाबरू नये, पण आयटीआयच्या पहिल्या दिवसापासून रोज एक पान तांत्रिक इंग्रजी वाचावे. केलेल्या प्रत्येक कामाची तारीखवार वही ठेवावी आणि त्यावर देखरेख करणाऱ्याची सही घ्यावी. गॅरेजात उस्तादाचा शब्द हीच शागीर्दाची सनद असते, हँगरमध्ये मात्र ही वहीच त्याच्यासाठी बोलते.